शेऱ्याचा रकाना

दिवाळीत आपण लक्ष्मीची पूजा करतो असे म्हणतात खरे. पण एखाद्या जुन्या पेढीवर डोकावून पाहिले, तर पाटावर बसून हळदकुंकू वाहून घेत असते ती वही! कोऱ्या पानावर 'श्री' काढायचा, स्वस्तिक रेखायचे, फूल ठेवायचे आणि मगच पहिली रक्कम मांडायची. आकड्यांना फुले वाहणारा आपला समाज आहे. तेव्हा दिवाळीच्या अंकात मी आकड्यांविषयी लिहायला बसलो, तर वाचकांनी रागावू नये. मराठीच्या मास्तराला गणितात कुणी बोलावले, असा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटपर्यंत वाचणाऱ्याला मिळेल.

आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. हे आकडे गुळाच्या ढेपांचे नाहीत की परीक्षेच्या निकालाचे नाहीत. ते खेळाचे आहेत. आणि तोही मैदानावरचा खेळ नव्हे, तर तीस वर्षांमागे टीव्हीच्या पडद्यावर बोटांनी खेळलेला. व्हिडिओ गेम! झाले, काहींनी नाक मुरडलेच असेल. पण जरा थांबा. पत्ते, सोंगट्या आणि बुद्धिबळ यांच्याकडेही एके काळी लोकांनी असेच नाक मुरडले होते.

प्रथम शब्दांचा समाचार घेऊ, कारण तो माझा धंदाच आहे. 'विक्रम' या शब्दाचा मूळ अर्थ पाऊल टाकणे, आणि त्यावरून पराक्रम. वामनाने तीन पावलांत त्रैलोक्य व्यापले म्हणून तो त्रिविक्रम. पुढे वर्तमानपत्रांना 'रेकॉर्ड'साठी शब्द हवा होता. त्यांनी हा उचलला आणि मग सलग नव्वद तास लाटणे फिरवणाऱ्यालाही विक्रम करता येऊ लागला. 'आकडा' हा शब्द त्याहून गमतीचा आहे. आकडा म्हणजे अंक. आणि विहिरीत पडलेली घागर वर काढायची वाकडी कडी, तीही आकडाच. मला ही दोन्ही नाती सख्खी वाटतात. नुसता अंक काही कामाचा नसतो. तो आत सोडला की आठवणीच्या विहिरीतून काही वर येते का, हे पाहायचे. आणि हॉकीच्या काठीचे टोक पाहिलेत, तर तोही एक आकडाच आहे.

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण ज्या हॉकीविषयी मी बोलतो आहे ती बर्फावरची. कॅनडात तिचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटइतके आहे. दोन्ही बाजूंना एकेक गोलरक्षक आणि पाच-पाच खेळाडू, पायात धारदार पात्यांचे बूट, आणि चेंडूऐवजी काळ्या रबराची एक चकती. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. धावणे इतके जिवावरचे, की मिनिटभरात खेळाडू बदलावे लागतात, आणि तेही खेळ न थांबवता.

हा खेळ टीव्हीच्या पडद्यावर आणण्याचे प्रयत्न फार पूर्वीपासूनचे. १९८१ साली अ‍ॅटारीच्या यंत्रासाठी निघालेल्या खेळात एका बाजूला दोनच गडी होते. १९८७ साली कोनामी या जपानी कंपनीने 'ब्लेड्स ऑफ स्टील' काढला. त्यात खेळाडू हातघाईवर येत, आणि मारामारीत जो हरेल त्यालाच पंच शिक्षा करून बाहेर बसवीत! न्यायाची ही कल्पना ज्याला सुचली, त्याने जग पुरते पाहिलेले असावे. १९८८ साली निन्टेन्डोच्या खेळात लुकडा, मध्यम आणि जाडा असे तीन प्रकारचे खेळाडू होते. लुकडा चपळ, जाडा दणकट. आपला संघ आपणच जुळवायचा. मग १९९१ पासून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगच्या नावाने खेळ काढायला सुरुवात केली, आणि १९९३ साली आला तो 'एनएचएल ९४'. जाणकार आजही त्याचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात.

असे त्यात काय होते? आलेला पास न अडवता तसाच गोलात ठोकून देण्याची सोय होती. गोलरक्षक आपल्या बोटांनी हलवता येत होता. आधीच्या खेळांतली मारामारी लीगच्या आग्रहावरून काढून टाकली होती. खऱ्या क्रीडागारात ऑर्गन वाजवणाऱ्या वादकाकडून त्या त्या गावचे संगीत घेतले होते. पण सर्वांत मोठी गोष्ट अशी, की सव्वीस संघ आणि त्यांतले खेळाडू खऱ्या नावानिशी होते, आणि प्रत्येकाचा वेग, नेम, ताकद आकड्यांत मांडलेली होती. सामना संपला की यंत्र हिशेब देई: गोलावर मारलेले फटके किती, पास किती पोचले, धक्के किती दिले, प्रतिपक्षाच्या क्षेत्रात किती वेळ काढला. प्रेक्षकांच्या आरड्याचीसुद्धा मोजणी होई! मुनीम ठेवावा तर असा.

आता हे गुण आले कुठून? खेळ निघाला त्याच्या आधीच्या, म्हणजे १९९२-९३ च्या हंगामातून. तो हंगामही मोठा नामी होता. विनिपेगच्या संघातला फिनलंडचा तेमू सेलाने पहिल्याच वर्षी ७६ गोल करून गेला. नवख्या खेळाडूचा तो उच्चांक अजून कुणी ओलांडलेला नाही. उलट टोकाला ओटावाचा संघ: ८४ सामने, १० विजय, ७० पराभव आणि ४ बरोबरी. सॅन होजेच्या संघाने तर ७१ पराभव पत्करून त्यालाही मागे टाकले. जगात मागे टाकण्याचेही किती प्रकार असतात!

पण इथेच माझ्यातला मास्तर जागा होतो. ओटावाच्या नावापुढे ७० पराभव लिहिले, हिशेब बरोबर आहे. परंतु तो संघ त्याच वर्षी लीगमध्ये नव्याने दाखल झाला होता, आणि नव्या संघाला इतर संघांनी हातच्या न राखलेल्या खेळाडूंतून आपली माणसे निवडावी लागतात, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? आपल्या सरकारी नोंदवहीत शेवटी एक रकाना असतो, त्यावर 'शेरा' असे छापलेले असते. बहुतेक वेळा तो कोराच राहतो. माझे म्हणणे एवढेच, की आकड्याचा जीव त्या रकान्यात असतो.

पटत नसेल तर त्याच हंगामातला दुसरा आकडा घ्या. पिट्सबर्गचा मारिओ लेम्यू: ६९ गोल, ९१ गोलांना हातभार, एकूण १६० गुण. लीगमध्ये त्या वर्षी सर्वांत जास्त. त्याच्या खालोखाल पॅट लाफाँटेन, १४८. बारा गुणांचा फरक. ठीक आहे, चांगला खेळाडू दिसतो, असे म्हणून आपण पान उलटू. आता शेरा वाचा. त्या हंगामातल्या ८४ सामन्यांपैकी लेम्यू खेळला फक्त ६०. जानेवारी १९९३ मध्ये त्याला हॉजकिन्सचा, म्हणजे लसिकाग्रंथींचा, कर्करोग असल्याचे निदान झाले. तो उपचारांना गेला. २ मार्च रोजी सकाळी किरणोपचाराची शेवटची फेरी घेतली, आणि त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियात सामन्याला उतरून त्याने एक गोल केला, एका गोलाला हातभार लावला. तो परतला तेव्हा लाफाँटेन पुढे होता. त्याला मागे टाकून १६०! आता पुन्हा तो आकडा पाहा. तोच आहे ना? मग मघाशी पान उलटवले, तसे आता उलटवून दाखवा.

यंत्राला हे कळत नाही. त्याच्या लेखी लेम्यू म्हणजे अमुक वेग आणि अमुक नेम. मात्र यंत्र कधी कधी न कळताही मोठे सत्य सांगून जाते. सेगाच्या यंत्रावरच्या 'एनएचएल ९४' मध्ये एक दोष राहून गेला होता. दोन खेळाडूंची टक्कर झाली, की जड गड्याने हलक्याला आडवे करावे, ही अपेक्षा. पण हिशेब कुठेतरी उलटा झाला, आणि त्या खेळात हलका गडीच भारी ठरू लागला. कॅल्गरीचा थिओ फ्लेरी हा खऱ्या आयुष्यात पाच फूट सहा इंच उंचीचा. बर्फावरच्या हॉकीत एवढ्या चणीच्या माणसाला प्रशिक्षक दारातूनच परत पाठवायचे. पण त्याने त्या हंगामात १०० गुण मिळवले होते. पडद्यावर तर तो सहा-सहा फुटी धिप्पाडांना लोळवीत जाई. वामनाची गोष्ट कॅनडात कुणी नेली नव्हती. ती गणिताच्या एका चुकीतून तिथे आपोआप उपजली.

शिकागोच्या जेरेमी रोनिकची गोष्ट निराळी. त्या हंगामात त्याने ५० गोल केले, १०७ गुण मिळवले; पण या खेळमालिकेत तो असा काही उतरला, की ज्याच्या वाट्याला शिकागो येई त्याच्याशी खेळायला मित्र नकार देत. १९९६ सालच्या 'स्विंगर्स' या चित्रपटात तरुण मित्र हाच खेळ, त्याची आदल्या वर्षीची आवृत्ती, खेळताना दिसतात आणि रोनिकचे नाव निघते. रोनिकने कारकीर्दीत खरोखरचे ५१३ गोल केले, २०२४ साली हॉकीच्या मानकऱ्यांच्या दालनात त्याला स्थान मिळाले; तरी एका पिढीला तो आठवतो तो बोटांखाली धावलेला. नट मेला तरी लोक त्याला भूमिकेच्या नावाने हाक मारतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे भूमिका वठवली ती पाहणाऱ्यांनी!

आता तुम्ही विचाराल, मास्तर, हे सारे तुम्हांला ठाऊक कसे? टोरांटोजवळ माझे दोन मावसभाऊ राहतात. त्यांचे वडील, म्हणजे आमचे काका, ऐंशीच्या दशकात पाटबंधारे खात्यातली नोकरी सोडून सहकुटुंब तिकडे गेले. पोरे शाळकरी असताना घरात सेगाचे यंत्र आले आणि त्याबरोबर ही कॅसेट. (आपल्याकडे आपण तिला कॅसेटच म्हणत होतो, आणि चालली नाही की तोंडाने फुंकर घालीत होतो, तिकडचे लोकही फुंकरच घालीत, हे ऐकून मला विश्वबंधुत्वाचा साक्षात्कार झाला.) एका उन्हाळ्यात मी महिनाभर त्यांच्याकडे होतो, तेव्हा रोज रात्री जेवणानंतर सामने झाले. माझी कामगिरी विचारू नका. एका सामन्यात प्रतिपक्षाच्या क्षेत्रात मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळ घालवला, पास अधिक पोचवले, आणि गोल शून्य. वाटाघाटी दीर्घ, निष्पत्ती काही नाही. आमच्या अभ्यासमंडळाच्या बैठकांचे इतके हुबेहूब चित्र मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पण खरा ऐवज निराळाच होता. काकांनी आयुष्यभर कालव्यांची मोजमापे वहीत लिहिली होती. मुलांची भांडणे ऐकून ऐकून त्यांनी एक दिवस शंभर पानी वही आखली: तारीख, संघ, डावाची मिनिटे, गोल, आणि शेवटी अर्थातच शेरा. थोरला तीस वर्षे सांगत आला होता, की आपण धाकट्याला १९-२ असे धुतले. घरातला उच्चांक तो. धाकट्याच्या नावावर फार तर ७-०. वही काढली. १९-२ चा सामना: डाव वीस मिनिटांचे, शेरा: 'धाकट्याच्या अंगठ्यास पट्टी.' ७-० चा सामना: डाव पाच मिनिटांचे, शेरा: 'दोघेही ठणठणीत.' आता हिशेब तुम्हीच करा. थोरल्याचे साठ मिनिटांत एकोणीस. धाकट्याचे पंधरा मिनिटांत सात, म्हणजे साठ मिनिटांना अठ्ठावीस. पंचेचाळिशी उलटलेला एक गृहस्थ सोफ्यावर बसल्याजागी पडला, आणि दुसरा लहान मुलासारखा नाचला. पुढच्या पानांवरचे शेरेही वाचण्यासारखे होते: 'बाहेर हिमवर्षाव, शाळा बंद, सात सामने.' 'डावाची लांबी परस्पर बदलली. निकाल ग्राह्य नाही.' 'थोरल्याचे लक्ष टेलिफोनकडे.' त्या टेलिफोनवर जी होती, ती पुढे माझी वहिनी झाली. सांगा, ही इतिहासाची साधने नव्हेत काय?

अटी न सांगता आकडा सांगणे म्हणजे अर्धे खोटे बोलणे. १९३२ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला हॉकीत २४-१ ने हरवले. रूपसिंगांचे १० गोल, ध्यानचंदांचे ८. छाती फुगते, आणि फुगावीच. पण शेऱ्याच्या रकान्यात हेही असले पाहिजे, की त्या स्पर्धेत संघ तीनच होते, आणि जपानकडूनही २-९ असा मार खाल्लेल्या अमेरिकेला तिसरे पदक मिळाले. याने ध्यानचंद लहान होत नाहीत. ज्यांची काठी खरी, त्यांना शेऱ्याचे भय नसते.

तसेच वेन ग्रेट्स्कीचे. ८९४ गोल आणि १,९६३ गोलांना हातभार, एकूण २,८५७ गुण. म्हणजे त्याने जन्मात एकही गोल केला नसता, तरी नुसत्या हातभारावर तो सर्वांच्या पुढे राहिला असता! दुसऱ्या क्रमांकावरच्या यारोमिर यागरचे एकूण गुण १,९२१. ग्रेट्स्कीचा गोलांचा उच्चांक मात्र ६ एप्रिल २०२५ रोजी मोडला. रशियाच्या अलेक्झांडर ओवेच्किनने ८९५ वा गोल केला, आणि तो त्याचा १,४८७ वा सामना होता. ग्रेट्स्कीची सगळी कारकीर्द किती सामन्यांची? बरोबर १,४८७! असा शेरा लिहायला दैवच बसत असावे.

ज्याला ग्रेट्स्कीसारखा लीगचा दप्तरदार लाभत नाही, त्याने काय करायचे? अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ओटमवा या छोट्या गावात १९८१ साली वॉल्टर डे नावाच्या गृहस्थाने 'ट्विन गॅलेक्सीज' या नावाचे व्हिडिओ गेमचे दालन उघडले, आणि पुढल्याच वर्षापासून देशभरच्या खेळणाऱ्यांच्या विक्रमांची नोंद ठेवायला घेतली. पोरांच्या खेळाला कुणीतरी साक्षीदार मिळाला. विक्रमाला पराक्रम लागतो हे खरे. पण पराक्रमाला साक्षीदार लागतो, हे त्याहून खरे.

आता या गोष्टीतला नाजूक भाग. सेगाच्या त्या कॅसेटच्या पोटात घड्याळात असतो तसा एक बटणासारखा सेल असतो. यंत्र बंद असताना खेळणाऱ्यांची नावे आणि जयपराजय जपतो तो हा सेल. असे सेल वर्षानुवर्षे टिकतात. पण अमर कोण आहे? एक दिवस तो संपतो आणि पाटी कोरी होते. बरे, नवा घालावा म्हणून जुना काढला, तर काढताक्षणीच सारे पुसले जाते. धाकट्याने सेल बदलायचा विषय काढला, तेव्हा थोरला एकदम म्हणाला, "हात लावू नकोस तिला."

कारण त्या यादीत मुलांबरोबर आणखी एक नाव होते. काका एकदाच खेळले होते. यंत्राच्या लेखी त्यांची कारकीर्द अशी: सामने १, पराभव १. त्यांना जाऊन आता काही वर्षे झाली. वहीत त्या तारखेला त्यांच्याच अक्षरात शेरा आहे: 'स्वतः खेळलो. ०-११. बोटे ऐकत नाहीत. मुलांना फार आनंद झाला.'

सुदैवाने यावर उपाय आहे. कॅसेट ज्यात खोचता येते असे एक छोटे उपकरण मिळते. ते संगणकाला जोडून आतल्या नोंदींची नक्कल आधी काढून घ्यायची, मग जुना सेल काढून नवा सोल्डर करायचा, आणि नक्कल पुन्हा आत भरायची. धाकटा या कामात हुशार. त्याने एक नक्कल काढली, ती ताडून पाहिली, दुसरी काढली, आणि मगच तापलेली सळई हाती घेतली. थोरला तेवढा वेळ बाहेर अंगणात उभा होता. पंधरा-वीस मिनिटांनी कॅसेट यंत्रात गेली, पडदा उजळला. सामने १, पराभव १. कुणी काही बोलले नाही. ग्रेट्स्कीच्या २,८५७ गुणांना त्या खोलीत त्या वेळी कुणी विचारले नसते.

'एनएचएल ९४' ला अजून मरण नाही. हौशी मंडळी नव्या खेळाडूंची नावे घालून तो खेळतात, स्पर्धा भरवतात. २०२० साली खुद्द कंपनीने नव्या खेळाडूंसह त्याची जुन्या धाटणीची आवृत्ती पुन्हा काढली. खेळ टिकेल. ज्यांच्या घरी सेल संपले, त्यांच्या नोंदी मात्र गेल्या, आणि त्या कोणत्याही कंपनीला परत आणता येणार नाहीत.

म्हणून म्हणतो, मराठीच्या मास्तरालाही आकड्यांत काम आहे. अंक लिहायला यंत्र समर्थ आहे. शेरा लिहायला माणूस लागतो, आणि भाषा लागते. तुमच्या घरीही असले उच्चांक असतील: आजीने एका बैठकीत केलेल्या पुरणपोळ्या, बापलेकांच्या कॅरमचा अखेरचा गुण, एका श्वासात म्हटलेले पाढे. ते कुठल्या पुस्तकात छापून येणार नाहीत. या पाडव्याला एक वही आखा. तारीख घाला, आकडा घाला. आणि उजवीकडचा तो शेवटचा रकाना जरा रुंद ठेवा.